नाहीतर काय?



शाळेत चूक केली की बाई तुम्हाला काय सांगतात? 'चूक झाली तर लपवायची नाही, सांगून टाकायची.' मीसुद्धा माझ्या वर्गात हे रोज सांगते. पण बाईंची स्वतःची चूक झाली तर? तीही सांगून टाकायला हवी, नाही का? म्हणून आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. आणि त्या निमित्तानं इंग्रजीतल्या दोन छोट्या शब्दांची गोष्टही सांगणार आहे. ते दोन शब्द म्हणजे 'हॅड बेटर'.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका होते. दोन खोल्या, दोन शिक्षक, पटांगणात एक कडुलिंब आणि भोवती मैलभर माळरान. आता तुमच्यापैकी बहुतेक जण पहिलीपासून इंग्रजी शिकता. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून तसं सुरू झालं. मी मात्र त्याच्या आधीची. माझी ए-बी-सी-डी पाचवीत सुरू झाली. पुढे डी.एड. झाले, नोकरी लागली आणि जी भाषा मी स्वतः अकराव्या वर्षी शिकायला घेतली, ती सहा वर्षांच्या मुलांना शिकवायची वेळ माझ्यावर आली. रात्री पाठ करायचं आणि सकाळी शिकवायचं, असं माझं पहिली काही वर्षं चाले. खोटं कशाला सांगू?

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. आमच्या शाळेला भेट द्यायला इंग्लंडहून एक पाहुण्या येणार होत्या. वयानं मोठ्या, निवृत्त शिक्षिका. बरोबर तालुक्याच्या गावची चार-पाच मोठी माणसं. झालं! आमच्या शाळेत दिवाळीच आली. मुलांनी अंगण सारवलं, भिंतींवर तक्ते लावले. आणि मी ठरवलं, पाहुण्यांचं स्वागत इंग्रजीत करायचं, आणि तेही मुलांनी!

चौथीतली एक मुलगी मी त्यासाठी निवडली. तिचं खरं नाव इथं सांगत नाही. आपण तिला मैना म्हणू. मैनाच्या घरी मेंढरं होती. वडील वर्षातले काही महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचे. पोर हुशार, आवाज खणखणीत आणि पाठांतर असं, की एकदा सांगितलं की संपलं. मी तिला वाक्यं लिहून दिली. 'गुड मॉर्निंग, मॅडम. वेलकम टू अवर स्कूल. यू हॅड बेटर सिट हिअर. यू हॅड बेटर टेक वॉटर.' आणि निघताना म्हणायचं, 'यू हॅड बेटर कम अगेन.'

मला काय वाटलं होतं, ते सांगते. शाळेत असताना मी वहीत लिहून घेतलं होतं : 'हॅड बेटर म्हणजे बरे होईल.' म्हणजे 'आपण इथं बसलात तर बरं होईल, पाणी घेतलंत तर बरं होईल, पुन्हा आलात तर बरं होईल.' किती नम्र, किती गोड! नुसतं 'सिट' म्हणण्यापेक्षा हे किती भारदस्त! असा माझा समज. मैनानं चार दिवस ती वाक्यं घोकली. मेंढरांमागं फिरतानासुद्धा घोकली म्हणे.

पाहुण्या आल्या. मैनानं फूल दिलं. 'गुड मॉर्निंग' झालं, 'वेलकम' झालं. मग तिनं खुर्चीकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"यू हॅड बेटर सिट हिअर!"

पाहुण्या बाई क्षणभर थबकल्या. मग हसल्या, डोळे मोठे केले आणि गमतीनं म्हणाल्या, "ऑर एल्स व्हॉट, डिअर?" म्हणजे, "नाहीतर काय गं बाळ?"

मैनाला हे वाक्य पाठ नव्हतं. तिला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. म्हणून तिनं आणखी जोर लावून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, "यू हॅड बेटर सिट हिअर!"

बरोबर आलेल्या मंडळींपैकी ज्यांना इंग्रजी कळत होतं, ते खो खो हसले. ते हसले म्हणून ज्यांना कळत नव्हतं, तेही हसले. मुलं हसली. आणि मी? मीसुद्धा हसले. कशाला हसतेय हे न कळताच हसले. मैनानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती वर्गाच्या दारामागं जाऊन उभी राहिली. पाणी द्यायला आली नाही. 'कम अगेन' म्हणायलाही आली नाही.

त्या पाहुण्या बाई फार चांगल्या होत्या. जाताना त्यांनी दारामागं डोकावून मैनाच्या डोक्यावरून हात फिरवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळी शाळेला कुलूप लावत होते, तर मैनाचे वडील आले. कार्यक्रम बघायला म्हणून ते मुद्दाम थांबले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. दारापाशी उभं राहून हळूच म्हणाले, "बाई, माझी पोरगी काय वंगाळ बोलली व्हय?"

मुलांनो, त्या वेळी खरं उत्तर एकच होतं. 'नाही दादा, ती वंगाळ बोलली नाही. मी तिला चुकीचं शिकवलं असेल.' पण मी काय म्हणाले? "नाही हो, काही नाही. मुलं घाबरतात कधी कधी." असं म्हणून मी पर्स उचलली आणि एस.टी. पकडायला निघाले. म्हणजे पहिली चूक भाषेची झाली. पण दुसरी चूक भाषेची नव्हती. माझ्या वाटणीचं हसू मी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवून आले होते.

घरी जेवण गेलं नाही. शेवटी माझ्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांना फोन लावला. सर आता निवृत्त झालेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, पाहुण्यांना धमकी दिलीस की तू!"

"धमकी? सर, मी तर 'बसलात तर बरं होईल' म्हटलं!"

"नाही गं. तू म्हणालीस, 'इथं बसलेलं बरं!' आता हेच मराठीत म्हणून बघ. घरी आलेल्या पाहुण्याला तू म्हणशील का, 'तुम्ही इथं बसलेलं बरं'? किंवा 'तुम्ही आता पाणी प्यायलेलं बरं'?"

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि मला घामच फुटला.

सर म्हणाले, "एक लक्षात ठेव. 'हॅड बेटर'च्या मागं नेहमी एक 'नाहीतर' लपलेलं असतं. ते कधी बोललं जातं, कधी बोललं जात नाही. पण असतंच. ते सापडलं तर 'हॅड बेटर' वापर. नाही सापडलं तर वापरू नकोस."

बघा, किती सोपी परीक्षा! तुम्हीसुद्धा ही करून बघा. आभाळ भरून आलंय आणि अंगणात पापड वाळत घातलेत. आई म्हणते, 'पापड आत घेतलेले बरे.' नाहीतर? नाहीतर भिजतील! सापडलं ना? मग म्हणा, 'वी हॅड बेटर टेक द पापड्स इन.' दिवस मावळायला आलाय आणि रस्त्यात दिवे नाहीत. 'आता घरी गेलेलं बरं.' नाहीतर? नाहीतर अंधारात ठेचकाळू! म्हणा, 'वी हॅड बेटर गो होम.' पण 'पाहुणेबाई, बसा ना!' यामागं कुठलं आलंय 'नाहीतर'? म्हणून तिथं 'प्लीज सिट डाउन' म्हणायचं. नाहीतर 'वुड यू लाइक टू सिट हिअर?' म्हणजे 'आपल्याला इथं बसायला आवडेल का?' आणि निघताना, 'प्लीज कम अगेन.' बस्स, इतकं सोपं!

त्या रात्री मी व्याकरणाची पुस्तकं काढून बसले. आणि गंमत म्हणजे जसजशी वाचत गेले, तसतशी ती इंग्रजी मला आपल्या मराठीची लांबची बहीणच वाटायला लागली. आता बघा, 'हॅड' म्हणजे भूतकाळ, असं आपण शिकतो. मग 'यू हॅड बेटर गो' यात भूतकाळ कुठं आहे? अजून तर कुणी गेलेलंच नाही! पण मराठीत काय म्हणतो? 'गेलेलं बरं.' 'गेलेलं' हे रूपसुद्धा झालेल्या गोष्टीचंच आहे, आणि जायचं तर अजून आहे! रूप मागचं, काम पुढचं. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली आहे.

आणखी एक गंमत. फार पूर्वीच्या इंग्रजीत लोक 'आय हॅड बेटर' असं म्हणत नसत. तेव्हाची रचना 'मी वेअर बेटर' अशी होती, म्हणजे शब्दशः 'मला बरे असते'! आपण म्हणतो ना, 'मला बरं वाटेल', 'मला बरं पडेल', अगदी तसंच 'मला'. पुढे शेकडो वर्षांत ती रचना बदलत गेली, 'वेअर'च्या जागी 'हॅड' आलं आणि 'मला'च्या जागी 'मी'. म्हणूनच आजच्या या वाक्यातलं 'हॅड' आपल्या नेहमीच्या 'हॅड'सारखं वागत नाही.

ते कसं वागतं, हे थोडक्यात सांगते. मोठ्या मुलांना परीक्षेतही उपयोग होईल.

पहिलं म्हणजे, ते कुणासाठी बदलत नाही. मी, तू, तो, ती, आपण, ते, सगळ्यांना 'हॅड बेटर'च. 'ही हॅज बेटर' असं कधी होत नाही. दुसरं, त्याच्यापुढं क्रियापद साधंच येतं. 'हॅड बेटर गो' बरोबर. 'हॅड बेटर टू गो' चूक, 'हॅड बेटर गोइंग' चूक आणि 'हॅड बेटर वेंट' तर चूकच चूक! मधे 'टू' घुसवायची सवय आपल्याला फार आहे. तिसरं, 'नको' म्हणायचं असेल तर 'नॉट' हे 'बेटर'च्या नंतर येतं. 'यू हॅड बेटर नॉट टच दॅट वायर.' त्या तारेला हात न लावलेला बरा. नाहीतर? ते तुम्हीच सांगा!

चौथी गोष्ट बोलण्यातली. बोलताना 'यू हॅड' हे घाईघाईत 'यूड' होतं आणि 'यूड बेटर' असं ऐकू येतं. कधी कधी तर तो 'ड'सुद्धा गिळला जातो आणि नुसतं 'यू बेटर' उरतं. टी.व्ही.वरच्या कार्टूनमध्ये तुम्ही ऐकलं असेल. बोलण्यात चालतं, पण लिहिताना 'हॅड' विसरायचं नाही. आणि या 'ड'ला फसायचंही नाही. 'आयड बेटर' यातला 'ड' 'हॅड'चा आहे, पण 'आयड लाइक' यातला 'ड' 'वुड'चा. दोन जुळी भावंडं, आई मात्र वेगळी!

पाचवी गोष्ट, ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल वापरत नाहीत. 'काल छत्री न्यायला हवी होती' याला 'हॅड बेटर' चालत नाही. तिथं 'आय शुड हॅव टेकन ॲन अम्ब्रेला' म्हणतात. आणि नेहमीसाठीच्या, सगळ्यांसाठीच्या उपदेशालाही ते चालत नाही. 'मुलांनी रोज दात घासावेत' यात 'शुड' येतं. 'हॅड बेटर' हे आत्ताचं, इथलं, या प्रसंगाचं. मोठ्या माणसाला उगाच 'यू हॅड बेटर' म्हटलं, तर ते ताकीद दिल्यासारखं वाटतं. माझं नेमकं तेच झालं होतं.

असो. हे सगळं मला कळलं, पण मैनाचं काय? दुसऱ्या दिवसापासून मैना इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडेना. मराठीत बोलायची, गणितं भराभर सोडवायची. इंग्रजीचं पुस्तक काढलं की मान खाली. एकदा जवळ बसून विचारलं, तर म्हणाली, "मी न्हाई बोलणार. माणसं हसत्यात."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण ते सांगायला मला आठ दिवस लागले. मोठ्या माणसांना चूक कबूल करायला किती जड जातं, हे तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही! मुलांसमोर बाई चुकल्या म्हटलं तर मुलं काय म्हणतील? उद्या फळ्यावर लिहिलेलं खरं मानतील का? असे नाही नाही ते विचार. शेवटी एका सोमवारी फळ्यावर ती वाक्यं लिहिली. 'यू हॅड बेटर सिट हिअर. यू हॅड बेटर टेक वॉटर. यू हॅड बेटर कम अगेन.' आणि म्हणाले, "मुलांनो, ही वाक्यं चूक आहेत. ती मैनाची चूक नव्हती. मी तिला ती लिहून दिली होती. मैनानं एक शब्दही चुकवला नव्हता. त्या दिवशी हसायचंच होतं, तर मला हसायला हवं होतं."

वर्ग एकदम गप्प. मग मागून एका पोरानं विचारलं, "बाई, मग आता हसू का?" आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. या वेळी कशाला हसतेय ते मला नीट माहीत होतं.

मग आम्ही 'नाहीतर'चा खेळ मांडला. प्रत्येकानं मराठीत 'बरं'चं वाक्य सांगायचं, वर्गानं ओरडायचं, "नाहीतर?" आणि त्यानं उत्तर द्यायचं. गृहपाठ केलेला बरा. नाहीतर? बाई रागावतील! विहिरीकडे न गेलेलं बरं. नाहीतर? पाय घसरेल! असं चाललं होतं. शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "कोकरं आत घेतलेली बरी."

मैना!

"नाहीतर?" सगळा वर्ग ओरडला.

"नाहीतर लांडगा येईल."

आमच्या माळावर लांडगा म्हणजे गोष्टीतला प्राणी नाही, बरं का. मैनाच्या घरची कोकरं त्यानं खरोखरच नेली होती. मी फळ्यावर लिहिलं, 'वी हॅड बेटर टेक द लॅम्ब्स इन, ऑर द वुल्फ विल कम.' माझ्या सगळ्या पुस्तकांत 'हॅड बेटर'चं इतकं चांगलं वाक्य मला सापडलं नव्हतं. मैनानं ते वहीत लिहून घेतलं. वाचलं मात्र नाही. मीही आग्रह केला नाही.

त्याच संध्याकाळी मी वस्तीवर तिच्या घरी गेले. वडिलांना सांगितलं, "दादा, तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, पोरगी वंगाळ बोलली का? ती नाही चुकली. मीच तिला चुकीचं शिकवलं होतं आणि त्या दिवशी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? च्या ठेव बाईंना." एवढंच. पण मैना दाराच्या आडून ऐकत होती, हे मला दिसलं होतं.

त्यानंतरचा एक दिवस. मार्च महिना, परीक्षा जवळ आलेली. शाळा सुटल्यावर मी मूल्यमापनाचे कागद भरत बसले होते. आमच्या फाट्यावरून शेवटची एस.टी. साडेपाचला. ती चुकली की दुसरं काही नाही. मी कामात अशी गढले, की घड्याळ बघायचं भान राहिलं नाही. एवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. मैना. पाठीवर दप्तर, हातात काठी. मेंढरांकडे निघाली होती.

ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली,

"बाई, यू हॅड बेटर गो नाऊ."

मी पेन खाली ठेवलं. हसू दाबलं आणि विचारलं, "नाहीतर काय गं?"

"ऑर यू विल मिस द बस!" असं म्हणून ती स्वतःच हसत सुटली आणि पळाली.

आता तुम्ही विचाराल, मोठ्यांना असं म्हणू नये ना? पण आठवा सरांची परीक्षा! 'नाहीतर' अगदी खरंखुरं होतं, फाट्यावर येऊन ठेपलं होतं. अशा वेळी लहानानं मोठ्याला सावध केलं तर त्यात उद्धटपणा कसला? त्या वाक्यात काळजी होती. मी धावतपळत फाट्यावर पोचले आणि एस.टी. मिळाली. जागा मात्र मिळाली नाही. उभ्यानंच घरी आले, पण त्या दिवशी पाय दुखले नाहीत.

तर मुलांनो, या आठवड्यात तुम्हीही 'नाहीतर'चा खेळ खेळून बघा. घरातली सगळी जेवायला बसली की एकानं मराठीत वाक्य सांगायचं, दुसऱ्यानं 'नाहीतर?' विचारायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ते इंग्रजीत करायचं. पाच वाक्यं रोज. आई-बाबा, तुम्हीही खेळा बरं का! आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागं राहू नका. 'बरं' कुठं म्हणायचं आणि कुठं नाही, हे तुम्हाला मुलांपेक्षा जास्त कळतं. आणि कुणी चुकलं तर हसायला हरकत नाही. फक्त आपण कुणाच्या चुकीला हसतोय, ते आधी बघून घ्यायचं.

माझं पान संपत आलं. आता थांबलेलं बरं. नाहीतर? नाहीतर संपादक रागावतील!

बरंय तर, येते.

तुमची,
बाई